भेलकांड्या पट्टीवर चालायला शिकतो

पहिल्या दिवशी आमचा रोबो सुटला तो थेट चपलांच्या स्टँडवर जाऊन धडकला. दुसऱ्यांदा सोडला तर सोफ्याखाली शिरला आणि तिथेच घुर्रघुर्र चाकं फिरवत बसला. तिसऱ्यांदा मात्र अगदी शहाण्यासारखा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन थांबला. आम्ही टाळ्या पिटल्या. चौथ्यांदा पुन्हा चपला!

आता गंमत बघा. चारही वेळा त्याला हुकूम एकच होता: तीन सेकंद सरळ जा, उजवीकडे वळ, दोन सेकंद सरळ जा, थांब. त्यात काना-मात्रेचाही फरक नव्हता. मग हा गडी दर वेळी भलतीकडेच का जात होता?

माझी भाची सहावीत आहे. ती पोटावर पालथी पडून, हनुवटी फरशीला टेकवून त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, "मावशी, याला दिसतंय कुठे? डोळे मिटून चाललाय बिचारा."

मी इंजिनिअरिंग कॉलेजात हाच विषय शिकवते, आणि एवढीच गोष्ट मुलांच्या गळी उतरवायला मला फळ्यावर चार आकृत्या काढाव्या लागतात. असो.

तुम्हीही करून बघा. मैदानावर जा, लांबचं एखादं झाड हेरा, डोळ्यांना रुमाल बांधा आणि त्या झाडाच्या दिशेने सरळ पन्नास पावलं चाला. मित्राला मागून यायला सांगा, नाहीतर खड्ड्यात पडाल आणि नाव माझं येईल. रुमाल सोडाल तेव्हा झाड कुठेतरी बाजूलाच उभं असेल. प्रत्येक पाऊल केसभर तिरकं पडतं, आणि पन्नास केसांची चांगली बट होते.

रोबोचंही तेच. त्याच्या दोन मोटारी एकाच दुकानातल्या, एकाच डब्यातल्या. तरी एकीचे दाते जरा घट्ट, दुसरीचे जरा सैल. सेल ताजे असले की तीन सेकंदांत तो हातभर जास्त जाणार, उतरले की हातभर कमी. आणि दोन फरश्यांच्या सांध्यात चाक अडखळलं की नाक फिरलंच म्हणून समजा. भाचीने त्याचं नाव ठेवलं भेलकांड्या.

हा भेलकांड्या कशाचा बनलाय ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला घरी सुरुवात करता येईल. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात आणि नुसतं "लाइन फॉलोअर, म्हणजे पट्टीवरून चालणारा रोबो करायचाय" म्हणालात, की दुकानदार न विचारता काउंटरवर एकेक वस्तू मांडायला लागतो. पिवळ्या रंगाच्या दोन बीओ मोटारी, रबरी धावेची दोन चाकं, पुढे टेकायला एक छोटं कास्टर, हे सगळं बसवायला प्लॅस्टिकची चासी, मूठभर रंगीबेरंगी जंपर वायरी. मेंदू म्हणून आर्डुइनो उनो नावाचा तळहातात मावणारा बोर्ड. आर्डुइनोचं हे कुटुंब २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ गावात जन्मलं. तिथल्या शिक्षकांना असं काहीतरी हवं होतं, की इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या मुलांनाही ते स्वस्तात आणि पटकन वापरता यावं. नाव ठेवलं ते त्यांच्या नेहमीच्या बसायच्या बारचं, आणि त्या बारचं नाव होतं हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाचं. म्हणजे आमच्या चपलांना धडकणाऱ्याच्या डोक्यात राजा बसलाय!

मेंदू मोटारींना सरळ जोडायचा नाही हं. बोर्डाची एक पिन वीसेक मिलिअँपिअर वीज सुखाने देते, आणि मोटार सुरू होताना त्याच्या कितीतरी पट मागते. मध्ये मोटर ड्रायव्हर नावाची चकती लागते. मेंदूने हुकूम सोडायचा, हमाली ड्रायव्हरने करायची. विजेसाठी दुकानदार तुम्हाला जाडजूड लिथियमचे सेल दाखवेल. ते जोरदार असतात, पण त्यांच्या दोन टोकांना चुकून तार लागली तर आग लागू शकते. सुरुवातीला सहा पेन्सिल सेलांचा डबाच बरा.

आता डोळा. आयआर सेन्सर म्हणजे शेजारी शेजारी बसवलेले दोन मणी. एक मणी आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली फेकतो, दुसरा परत आलेला प्रकाश टिपतो. पांढरी फरशी तो प्रकाश परत पाठवते, काळी पट्टी गिळून टाकते. खोटं वाटत असेल तर टीव्हीच्या रिमोटचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा.

आम्ही फरशीवर काळ्या इन्सुलेशन टेपची लांबलचक वाट चिकटवली. सोफ्याला वळसा, टीपॉयच्या खालून, परत दाराशी. भेलकांड्याच्या नाकाखाली दोन डोळे बसवले, पट्टीच्या दोन्ही अंगांना एकेक. नियम दोनच. डाव्या डोळ्याला काळं दिसलं तर डावीकडे वळ, उजव्याला दिसलं तर उजवीकडे. सोडला.

आणि चालला की! पट्टी सोडली नाही त्याने. पण चाल कशी? डावीकडे हिसका, उजवीकडे हिसका, डावीकडे, उजवीकडे, जणू तापलेल्या वाळूवर अनवाणी निघालाय. टीपॉयखाली तर त्याने दोन पायांवर टकाटका ताल धरला. दुपारी तीननंतर मात्र त्याला वेडच लागलं. पट्टी दिसेचना. आम्ही वायरी तपासल्या, सेल बदलले. शेवटी लक्षात आलं की पश्चिमेच्या खिडकीतून ऊन फरशीवर आलंय. उन्हातही अवरक्त प्रकाश ठासून भरलेला असतो, त्यामुळे डोळ्याला काळी पट्टीसुद्धा लख्ख दिसत होती. पडदा ओढला, वेड गेलं.

हिसके देत चालण्याची ही तऱ्हा तुमच्या घरात आधीपासून आहे. इस्त्री बघा. तापली की दिवा विझतो, जरा निवली की पुन्हा पेटतो. तिला दोनच गोष्टी माहीत: पूर्ण चालू आणि पूर्ण बंद. इस्त्रीला ते चालतं, कारण ती सावकाश तापते आणि सावकाश निवते. पळणाऱ्या रोबोला हे झेपत नाही.

पण थांबा, एवढ्याशा दोन नियमांना हसू नका. इंग्लंडात ब्रिस्टलला विल्यम ग्रे वॉल्टर नावाचा एक शास्त्रज्ञ होता. काम मेंदूच्या अभ्यासाचं. १९४८-४९ च्या सुमारास त्याने दोन यांत्रिक कासवं बनवली, एल्मर आणि एल्सी. आतमध्ये मेंदू म्हणून जुन्या रेडिओत असायचे तसले फक्त दोन व्हॉल्व्ह! एवढ्यावर ती कासवं उजेड शोधत घरभर फिरायची, खुर्चीला धडकली की मागे सरून वाट काढायची. प्रखर उजेडापासून दूर पळायची, पण बॅटरी उतरत आली की तोच उजेड त्यांना आवडू लागायचा. मग ती दिवा लावलेल्या आपल्या खोपटात शिरायची, आणि तिथे चार्जिंगची सोय असायची. कासवाच्या नाकावर एक बारीक दिवा होता. आरशासमोर आलं की त्याला स्वतःचाच दिवा दिसायचा, आणि मग ते आरशापुढे थुईथुई नाचल्यासारखं करायचं. शाळेत लोगो ही संगणकाची भाषा शिकताना पडद्यावर फिरणारं कासव पाहिलं असेल तर सांगते, तेही आधी जमिनीवर पेन घेऊन फिरणारं खरंखुरं यंत्र होतं, या दोघांच्याच गोतावळ्यातलं.

भाचीला मात्र कासवांपेक्षा हिसक्यांची काळजी. "याला जरासं वळ असं सांगता येत नाही का?"

येतं. त्याआधी गच्चीवरच्या टाकीत डोकावून या. मोठ्या माणसाला घेऊन, हे सांगायलाच नको. टाकीत दांडीच्या टोकाला एक पोकळ चेंडू तरंगत असतो. पाणी खाली असलं की चेंडू लोंबतो आणि नळ धो-धो वाहतो. पाणी चढत गेलं की चेंडू वर येतो, दांडी नळ दाबत जाते, धार बारीक, आणखी बारीक, मग थेंब थेंब, मग बंद. टाकी किती रिकामी आहे त्या मापाने धार! हा चेंडू किती जुना असेल? सव्वादोन हजार वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियात तेसिबिअस नावाच्या कारागिराने पाण्याच्या घड्याळात धार सारखी राहावी म्हणून तरंगती झडप वापरली होती. वीज नाही, मेंदू नाही, तरी काम चोख.

तर आम्ही भेलकांड्याचा एक डोळा काढूनच टाकला. दचकू नका, उरलेल्या एका डोळ्याला जास्त नीट बघायला शिकवलं. आधी तो फक्त "काळं" किंवा "पांढरं" एवढंच बोलायचा. आता त्याला बोर्डाच्या अशा पिनेला जोडला की तिथे ० ते १०२३ मधला आकडा मिळतो. आमच्या पांढऱ्या फरशीवर आकडा यायचा साठच्या आसपास, पट्टीवर साडेआठशेच्या आसपास. आणि डोळा बरोब्बर कडेवर, अर्धा काळ्यावर अर्धा पांढऱ्यावर असला, की साधारण ४५०. मग आम्ही ठरवलं की पट्टीच्या मधोमध चालायचंच नाही, तिच्या डाव्या कडेवरून चालायचं. आकडा ४५० ठेवायचा, बास.

समजा आकडा आला ५५०. म्हणजे तो शंभराने चुकलाय, काळ्यात घुसलाय, उजवीकडे सरकलाय. या शंभराला आम्ही सरळ "चूक" म्हणतो. चुकीला एका छोट्या आकड्याने गुणायचं, समजा ०.२ ने. आले वीस. दोन्ही मोटारींचा वेग एरवी १२० असतो. आता डावीचा वीसने कमी करून १००, उजवीचा वीसने वाढवून १४०. रोबो हळूच डावीकडे वळतो. चूक दहाचीच असेल तर फरक फक्त दोनचा, म्हणजे वळला हे कळणारही नाही. चूक तीनशेची असेल तर साठचा फरक, म्हणजे चांगला मुरडणार. टाकीतला चेंडूच तो, चाकांवर बसलेला.

स्वतः काय केलं ते बघायचं, त्यातली चूक मोजायची आणि तिच्यावरूनच पुढचं ठरवायचं, याला पुस्तकात प्रत्याभरण असं भारदस्त नाव आहे. मी वर्गातही फीडबॅकच म्हणते. आमच्या विषयाचा सगळा डोलारा याच्यावर उभा आहे. मला स्वतःला तो कॉलेजात दोन सत्रं शिकवला गेला, पानंच्या पानं समीकरणं, आणि त्या सगळ्यात एकही चाक फिरलेलं मी पाहिलं नाही. म्हणून आता कुणी मूल सापडलं की मी त्याला टेप आणि मोटारी देते, समीकरणं मागाहून येतात.

०.२ हा आकडा आला कुठून? देवाशपथ सांगते, तुक्क्याने. आमटीत तिखट घालतो तसं. भाचीने आधी ०.०२ घातलं. भेलकांड्या इतका सुस्त वळला की सोफ्याच्या वळणावर पट्टी सोडून निवांत निघून गेला. मग तिने घातला १. शंभराच्या चुकीला एक चाक २० वर आणि दुसरं २२० वर! पुन्हा तेच हिसके. मधले आकडे चाचपत दुपार गेली.

आणि याच दुपारी आमची सगळ्यात मोठी फजिती झाली. भाचीला डोळ्याचे आकडे लॅपटॉपवर बघायचे होते. लांबलचक केबल लावून रोबो चालवायचा, असा बेत. आकडे फार भराभर पळतात, वाचता येत नाहीत, म्हणून मीच तिला सांगितलं, "प्रत्येक आकडा दाखवल्यावर ०.२ सेकंद थांब म्हणावं." तिने ती एक ओळ घातली. एवढा वेळ बरा चालणारा भेलकांड्या पहिल्याच वळणावर पट्टीबाहेर. पुन्हा ठेवला, पुन्हा बाहेर. आम्ही गुणक बदलले, चाकं पुसली, पडदा ओढला. संध्याकाळी केबल काढून चालवला तरी तेच. रात्री जेवताना घास तोंडात असतानाच भाची ओरडली, "ती थांबायची ओळ!"

हिशेब करा. रोबो सेकंदाला चाळीस सेंटिमीटर पळत होता. ०.२ सेकंदात आठ सेंटिमीटर. म्हणजे तो एकदा डोळा उघडायचा, मग डोळा मिटून आठ सेंटिमीटर पळायचा, मग पुन्हा डोळा उघडायचा. आमची पट्टी दोन सेंटिमीटरसुद्धा रुंद नव्हती! ओळ काढली, रोबो सुधारला. आणि इतकी वर्षं मुलांना "उशिराची माहिती घातक असते" असं शिकवणाऱ्या मावशीने मुकाट्याने दुसरी पोळी वाढून घेतली.

हा उशीर तुम्ही रोज आंघोळीच्या वेळी भोगता. गरम पाण्याचा नळ सोडला, पाणी गारच. आणखी सोडला, अजून गार. पूर्ण सोडला. तेवढ्यात मघाचं गरम पाणी नळीतून येऊन पोचतं, आणि चटका! मग घाईघाईने बंद, मग कुडकुडणं, मग पुन्हा सोडणं. तुमचा हात बावळट नसतो, त्याला बातमी उशिरा मिळते.

यंत्रांनाही हे दुखणं जुनंच. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले. इंजिन जोरात पळालं की गोळे बाहेर फेकले जायचे आणि वाफेची झडप आवळायचे, मंदावलं की खाली यायचे आणि झडप सैल. त्याला गव्हर्नर म्हणतात. शेतावरच्या डिझेल इंजिनातही गव्हर्नर असतो. इंजिनावर चालणाऱ्या गुऱ्हाळात उभे राहिलात तर ऐका, चरकात उसाची जाड मोळी गेली की इंजिनाचा आवाज एकदम दबतो, घोगरा होतो, आणि दोन क्षणांत पुन्हा पहिल्यासारखा होतो. तो सावरण्याचा आवाज गव्हर्नरचा. पण काही गव्हर्नर सावरण्याऐवजी इंजिनाला जोरात-हळू, जोरात-हळू असं झुलवत ठेवायचे. अगदी भेलकांड्यासारखे! असं का होतं आणि कधी होत नाही, हे गणिताने मांडणारा लेख १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने लिहिला. विजेचं आणि चुंबकत्वाचं एकत्र गणित मांडणारा तोच हा मॅक्सवेल.

दुसऱ्या रविवारी भेलकांड्या बरा चालत होता, पण सरळ वाटेवरसुद्धा नागमोडी. कडेकडे यायचा, पण वेगात यायचा, म्हणून कड ओलांडून पलीकडे जायचा, परत फिरायचा, पुन्हा ओलांडायचा. झोपाळ्याला मधोमध थांबता येत नाही ना, तसं.

मी भाचीला फरशी पुसायच्या मॉपचा लांब दांडा दिला. तळहातावर उभा तोलून धर म्हटलं. दोन-तीनदा पडला, मग जमलं. "आता पेन्सिल." पेन्सिल काही केल्या उभी राहीना. तुम्हीही बघा करून. लांब दांडा सावकाश कलतो, तुम्हाला विचार करायला वेळ देतो. पेन्सिल निमिषात आडवी. पण मला तिला दुसरंच दाखवायचं होतं. विचारलं, "दांडा तोलताना तू कशाकडे बघतेस?" म्हणाली, "वरच्या टोकाकडे. ते किती कललंय ते." पुन्हा तोलला, थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "नाही गं. ते कुठल्या बाजूला निघालंय ते. फार कलायच्या आधीच हात हलतो माझा."

रशियात जन्मलेल्या निकोलस मिनॉर्स्कीने हेच शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत जहाजांवर पाहिलं. सुकाणूवर बसलेला मुरलेला खलाशी नुसतं जहाज आत्ता किती तिरकं आहे एवढंच बघत नाही. ते किती झपाट्याने वळतंय हे बघतो आणि सरळ व्हायच्या आधीच सुकाणू उलट दाबायला लागतो. आपल्या कोकणातला तांडेल होडी धक्क्याला लावतो तेव्हा निरखून बघा, धक्का यायच्या कितीतरी आधी त्याचं मशिन मंद झालेलं असतं. मिनॉर्स्कीने ही खलाशांची अक्कल गणितात बसवली आणि १९२२ मध्ये छापली. मग न्यू मेक्सिको नावाच्या युद्धनौकेवर प्रयोग झाला. वळण्याच्या झपाट्याचा विचार न करता यंत्र नौकेला दोन अंशांपर्यंत इकडेतिकडे डोलवत होतं. तो विचार घातल्यावर डोलणं एका अंशाच्या सहाव्या हिश्शावर आलं. बहुतेक खलाशांनाही इतकं सरळ जाता येत नव्हतं. तरी नौदलाने ते यंत्र तेव्हा काही घेतलं नाही, जहाजावरच्या माणसांनाच ते नको होतं!

आम्ही भेलकांड्याच्या डोक्यात एक ओळ वाढवली. आत्ताच्या चुकीतून मघाची चूक वजा करायची. चूक झपाट्याने कमी होत असेल तर वळणं आधीच आवरतं घ्यायचं. त्याला पुस्तकात डी म्हणतात, आणि चुकीला छोट्या आकड्याने गुणायच्या त्या पहिल्या युक्तीला पी. चाल बघण्यासारखी झाली. कडेशी आला की आपसूक मवाळ व्हायचा आणि कडेवरून तुरुतुरु.

मग या दोघांचा तिसरा जोडीदार, आय, राहिला. भेलकांड्याची उजवी मोटार जात्याच अशक्त. त्यामुळे तो सरळ वाटेवर नेहमी कडेच्या जरासा उजवीकडेच चालायचा. चूक तीस-चाळीसची, पण कधी शून्य होईना. तेवढीशी चूक डावी मोटार जरा धीमी आणि उजवी जरा जोरात ठेवायची, अशक्त उजवीला तेवढाच आधार पुरायचा, आणि गाडी तिथेच अडकायची. यावर उपाय वाण्याकडच्या वहीसारखा. रोजची पाच-दहा रुपयांची उधारी कुणी मनावर घेत नाही, पण वाणी ती मांडत जातो, आणि महिनाअखेर बेरीज पुढे करतो. आम्ही प्रत्येक वेळची चूक एका वहीत मिळवत गेलो आणि त्या बेरजेचा थोडासा हिस्सा वळणात घातला. चूक छोटी असली तरी बेरीज फुगते, उजवी मोटार आपोआप जास्त जोर लावते. आणि गाडी कडेवर येते.

वहीची एक खोड मात्र सांभाळावी लागते. शेजारचा पोरगा बघायला आला. त्याने चालू रोबो उचलला, उलटा करून चाकं निरखली, सात-आठ प्रश्न विचारले आणि खाली ठेवला. ठेवताक्षणी भेलकांड्या गरगर गरगर, अंगात आल्यासारखा! पोरगा सोफ्यावर चढला. झालं असं, की रोबो हातात असताना त्याला पट्टीही दिसत नव्हती आणि फरशीही. डोळ्यासमोर नुसती पोकळी, परत येणारा प्रकाश नाही, म्हणजे त्याच्या लेखी सगळं काळं. चारशेची चूक मांडली जात होती, पुन्हा मांडली जात होती, अर्धा मिनिटभर. एवढी उधारी साचल्यावर खाली टेकताच सगळी वसुली एकदम. आता आमच्या वहीला मर्यादा आहे, त्यापुढे बेरीज फुगत नाही.

जेवताना मी भाचीला पुण्यातली एक गोष्ट सांगितली. २००८ साली आशिया-पॅसिफिक देशांतल्या कॉलेजांची रोबोकॉन स्पर्धा पुण्यात भरली होती, आणि विषय होता गोविंदा! परदेशांतून आलेल्या मुलांचे रोबो उंच टांगलेल्या मडक्यांतलं लोणी काढायला धडपडत होते. भाचीचे डोळे चमकले. आजीने मात्र वाटीतलं ताक संपवलं आणि म्हणाली, "लोण्याचं राहू दे. तुझ्या त्या गाडीला माझ्या वऱ्हांड्यात चालवून दाखव. फरशीला चिकटपट्ट्या लावायच्या नाहीत पण."

आजीच्या वऱ्हांड्यात काळी कडप्पा फरशी. आजीने स्वतः चिमटीतून रांगोळीची रेघ काढली, अशी सरळ आणि सारख्या जाडीची की टेपने लाजावं. दुपारी ऊन नसताना आम्ही नवे आकडे मोजले, काळ्या फरशीवर किती, रांगोळीवर किती. मधला आकडा भरला. भेलकांड्याला रेघेच्या डाव्या कडेवर ठेवला आणि सोडला.

तो रेघेपासून पळाला. चुकून नव्हे, अगदी ठरवून. जितका लांब गेला तितका जोरात वळत गेला आणि तुळशीच्या कुंडीवर आपटला. पुन्हा ठेवला, पुन्हा कुंडी. आजी म्हणाली, "याला रांगोळी विटाळ दिसतेय."

मी लॅपटॉप आणायला उठले. घरात पट्टी काळी आणि फरशी पांढरी होती, इथे सगळं उलटं झालं होतं. त्यामुळे चुकीचं चिन्हच फिरलं होतं. डावीकडे गेला की आणखी डावीकडे ढकल, असा त्याचा स्वतःलाच हुकूम. एका अधिकचा उणे केला की काम झालं. मी पासवर्ड टाकत होते तोवर भाचीने भेलकांड्या उचलला, हातात धरून थोडा वेळ रेघेकडे बघत राहिली आणि त्याला रेघेच्या उजव्या कडेवर ठेवलं.

रेघेची उजवी कड. डावीकडे पांढरं, उजवीकडे काळं. घरातल्या टेपच्या डाव्या कडेला होतं तस्संच.

भेलकांड्या तुरुतुरु निघाला, वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत गेला, आणि त्याच्यामागे काळ्या फरशीवर चाकांनी ओढलेले रांगोळीचे दोन बारीक पांढरे पट्टे उमटत गेले. आजी फडकं आणायला आत गेली.